वाद्यं पुढे, वाजंत्री मागे

बोट सुटायला थोडाच वेळ उरला होता, आणि नेमकी तेव्हाच लाखलनला गायची हुक्की आली. व्हॅन वाद्यांसकट बोटीत चढलीही होती. ओळखीच्या खलाशानं किल्ली मागून घेऊन ती स्वतःच आत नेऊन लावली होती. त्यामुळे बँडची तिन्ही माणसं धक्क्यावरच्या पबमध्ये निवांत बसली होती: गाणारा लाखलन, अकॉर्डियनवाली किर्स्टी आणि व्हायोलिनवाला टॉर्मोड. टॉर्मोड निवांत दिसत होता एवढंच; त्याचं चित्त केव्हाच पलीकडच्या बेटावर पोचलं होतं.

बेटावर इशबेल होती. एकेकाळी ती बँडमध्ये त्याच्याशेजारी उभी राहून व्हायोलिन वाजवायची. वडील आजारी पडले तशी ती मेंढ्या सांभाळायला घरी गेली. येशील ना, असं तिनं जाताना विचारलं होतं. उन्हाळ्याचे कार्यक्रम उरकले की येतो, असं तो म्हणाला होता, आणि ते कार्यक्रम काही केल्या उरकत नव्हते. दोघांनी मिळून बांधायला घेतलेली एक धूनही अर्धीच राहिली. तिचा दुसरा भाग त्याला एकट्याला कधी सुचलाच नाही. आज बेटावरच्या सभागृहात नाच होता आणि बोलावणं याच बँडला होतं. टॉर्मोडनं नव्या शर्टाला चक्क इस्त्री केली होती, यावरून काय ते समजावं.

लाखलननं डोळे मिटून बुडालेल्या तारवाचं गाणं धरलं. आता, कुणी गात असताना उठायचं नाही, दार उघडायचं नाही, हा तिथला रिवाज. बाहेर भोंगा वाजला. टॉर्मोडनं किर्स्टीकडे पाहिलं, किर्स्टीनं लाखलनकडे. लाखलनचं तारू अजून बंदरातून निघायचं होतं. ते एकदाचं बुडालं तेव्हा खरी बोट खाडीच्या तोंडाशी पोचली होती.

"थांबवायचं की रे मला," लाखलन म्हणाला.

"कधी? कप्तान मरताना, की त्याची आई रडताना?" किर्स्टीनं विचारलं.

शनिवारची ती शेवटची बोट. आणि रविवार तिकडे देवाचा, त्या दिवशी कुणी कपडेसुद्धा वाळत घालत नाही, मग बोट कुठली सुटणार? टॉर्मोड पाण्याकडे बघत राहिला. त्याला फार वाईट वाटत होतं.

संध्याकाळी, चांगला उजेड असतानाच, सभागृहाच्या कारभाऱ्याचा लाखलनला फोन आला. वाद्यं पोचली, माणसं कुठे राहिली, असं तो विचारत होता. लाखलननं घडलं ते सांगितलं.

"किती कडवी म्हटलीस?"

"सगळी."

"मग इलाजच नव्हता," कारभारी आदरानं म्हणाला. लोक तर नाचायचे बूट घालून आलेत, तेव्हा आमचं आम्हीच वाजवतो, असं सांगून त्यानं फोन बंद न करता तसाच टेबलावर ठेवला. इकडे लाखलननं आपला फोन स्पीकरवर टाकला.

आधी अकॉर्डियन केकाटलं. किर्स्टीनं कानांवर हात ठेवले. मग एक व्हायोलिन सुरू झालं आणि टॉर्मोड फोनवर वाकला. व्हायोलिन त्याचं होतं. धूनही तीच, अर्धी राहिलेली. पहिला भाग संपत आला तसा त्यानं श्वास रोखला, कारण इथे ती नेहमी कोलमडायची. आज कोलमडली नाही. वळली, आणि घरची वाट माहीत असल्यासारखी पुढे गेली. इतकी वर्षं तो तिचा दुसरा भाग इथे शोधत होता आणि तो तिकडे मेंढ्यांमागे हिंडत होता. टॉर्मोडचे डोळे भरून आले.

थोड्या वेळानं फोनवर इशबेल आली. "तुझी जाडी तार अजून सुरातून उतरते रे."

"हो."

"सोमवारच्या बोटीनं व्हॅन परत पाठवतेय. अकॉर्डियनही."

"आणि व्हायोलिन?"

"ते राहू दे इथे. न्यायला ये."

"येतो ना. हे उन्हाळ्याचे कार्यक्रम एकदा—"

"टॉर्मोड."

"सोमवारी येतो," तो म्हणाला.

सोमवारी बोट दिसायच्या कितीतरी आधीपासून तो धक्क्यावर उभा होता, त्याच शर्टात, आता चुरगळलेल्या. निरोपाचं एखादं छोटंसं म्हणावं अशा बेतानं लाखलननं घसा खाकरला. किर्स्टीनं हातातला अख्खा स्कोन-पाव त्याच्या तोंडात कोंबला.