बावीस जणांची ड्यूटी

पुष्पलताबाईंनी एकदा ड्यूटी लावली की माणूस तर सोडाच, भिंतीवरची पालसुद्धा विचारल्याशिवाय हलत नसे! आयुष्यभर नर्सिंग केलेलं, शेवटची बारा वर्षं मेट्रन, आणि निवृत्तीनंतर मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या आपल्या चर्चमध्ये, लोकांना जागेवर बसवणाऱ्या सेवकांच्या प्रमुख. वय शहात्तर. गुडघे त्याहून म्हातारे.

"येऊ द्या साहेबाले," त्या पाळकांना म्हणाल्या. "अशी व्यवस्था दाखवते का जबलपूरपर्यंत नाव निघन!"

तरुण पाळक लोकेश कसनुसे हसले. प्रश्न व्यवस्थेचा नव्हताच, डोक्यांचा होता. महिन्यातून एकदा, सकाळी आठला मराठी उपासना होई, मग दहाला हिंदी. जबलपूरच्या मुख्य चर्चमधल्या साहेबांनी कळवलं होतं, स्वतः येऊन मोजीन. बाकांवर वीस माणसं दिसली तर मराठी उपासना राहील, नाहीतर बंद.

बाईंच्या लहानपणी असं मोजायची कोणाची टाप नव्हती. राजेगावकडून बैलगाड्या यायच्या, मागचे लोक उभ्याने गायचे. त्यातली माणसं आता कब्रस्तानात होती आणि त्यांची नातवंडं दहाच्या हिंदीत. मराठीत उरले होते बावीस. बाईंसकट!

म्हणजे वर दोन शिल्लकच! बाई निर्धास्त होऊन तक्ता आखायला बसल्या. फाटकावर चार. गाड्या लावायला तीन. जोड्यांवर दोन, पाण्यावर दोन, पोह्यांवर सहा, आणि स्टेशनवर साहेबांना घ्यायला मोतीलाल धरून चौघं.

"आई, सगळ्यायलेच काहून कामाले लावता?" सून मंजुषाने विचारलं.

"मंग का साहेबानं सोताचे जोडे सोता सांभाळाचे? तू पोह्याचं पाह्य!"

आणि शनिवारी सगळ्यांना उभं करून त्यांनी ताकीद दिली, "नऊ वाजेपर्यंत जागा सोडाची नाही. मी सोता बोलावलं तरी नाही!"

रविवारी साहेब आले ते मोटारीने. फाटकावर चार जणांनी चार फुलं दिली. तिघांनी मिळून एक गाडी लावली, "पीछे, और पीछे" करत थेट कण्हेरीच्या झुडपात! जोड्यांना बिल्ला मिळाला. पाणी दोनदा मिळालं. बाईंची छाती फुगून कुकरसारखी शिट्टी द्यायच्या बेतात आली.

"वाह, बहनजी!" म्हणत साहेब आत गेले आणि थांबले.

आत सोळा बाक होते. सोळाही रिकामे. एवढे स्वच्छ पुसलेले, की खिडकीतलं ऊन त्यांवर घसरत होतं.

"लोग कहाँ हैं?"

बाईंनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. लोक ड्यूटीवर होते. सगळेच!

"आत्ता बोलावते," म्हणत त्या गुडघे सावरत फाटकावर धावल्या. "चला रे आत! लवकर!"

चौघे एकमेकांकडे बघून हसले. "परीक्षा पाहून राह्यल्या बाई! आम्ही नाही हलत."

"अरे खरंच बोलावून राह्यली मी!"

"कालही असंच म्हणल्या होत्या तुम्ही, का मी बोलावलं तरी नाही."

जोडेवाले म्हणाले, साहेबाचे जोडे गेले तर कोण भरून देणार? पाणीवाले तांब्या धरून पुतळ्यासारखे उभे. मंजुषा तेवढी निघाली, पण अर्ध्यातून परत फिरली, "आई, पोहे लागले खाली!"

तेवढ्यात स्टेशनची चौघं रिक्षातून उतरली. सोबत हार घातलेला एक घामाघूम गृहस्थ!

"आणलं बाई साहेबाले!" मोतीलाल ओरडला. "लय नाही म्हणत होते, मी सोडलंच नाही!"

"भाईसाब, मुझे हट्टा की बावली देखनी है," हट्ट्याची जुनी पायऱ्यांची विहीर पाहायला आलेला तो गृहस्थ रडकुंडीला येऊन म्हणाला.

"पहले प्रार्थना, फिर बावली!" मोतीलालने त्याला आत नेऊन पहिल्या बाकावर बसवलं आणि ड्यूटी नऊपर्यंत होती म्हणून परत जाऊन बाकी तिघांसोबत रिक्षाजवळ उभा राहिला.

साहेबांनी पाऊण तास वाट पाहिली. मग वहीत लिहिलं, 'एक.'

नऊच्या ठोक्याला एकवीस माणसं शिस्तीत आत आली. साहेबांची गाडी तेव्हा कण्हेरीतून निघत होती.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. व्यवस्था उत्कृष्ट. उपासना बंद. निरोपाची म्हणून एक शेवटची घ्यावी. पाळक हळूच म्हणाले, "बाई, वो आप ही चलाइए."

त्या दिवशी बाईंनी तक्ता केला नाही. "आज कोनाले काही काम नाही," त्या म्हणाल्या. "नुसते बसा."

बावीसही जण बसले. अंतरा-अंतराने, बाक भरलेले दिसावेत म्हणून. आणि बसूनच राहिले. सव्वाआठ झाले. साडेआठ झाले. गाणं सुरू करायला कोणाला सांगितलेलं नव्हतं, म्हणून कोणी सुरू केलं नाही. बाईंनी दोनदा गाण्याचं पुस्तक उघडलं आणि दोनदा मिटलं. मोतीलाल डोळे पुसत होता. गाणं त्याला पाठ होतं, पण बाई सांगतील म्हणून तो थांबला होता. असे दहा वाजले.

दारात हिंदीवाल्यांची गर्दी झाली. "आज जगह नहीं है क्या, दादी?" एका मुलीने विचारलं.

जन्माची सवय! पुष्पलताबाई टुणकन उठल्या. "है ना, बेटा! इधर आओ. थोडा सरको रे, सरको!" त्यांनी एकेकाला हाताला धरून बसवलं, म्हाताऱ्यांना पंख्याखाली, लेकुरवाळ्यांना दाराशी. पाच मिनिटांत सोळाही बाक गच्च!

मग त्या समाधानाने आपल्या जागेकडे वळल्या. तिथे कोणीतरी बसलं होतं.