गुलाबचं डोकं आणि तुळशीरामजींचा गळा

तुळशीरामजी कुणाला साधी हाक मारत नसत, ते पुकारा करत. वाशीमच्या कोर्टात ते चपराशी. पक्षकारांची नावं पुकारणं हे त्यांचं काम, आणि मी तिथलाच नकलनवीस. आम्ही लेखण्या कोर्टात ठेवून घरी जायचो. हे गृहस्थ गळा बरोबर घेऊन जायचे. "कमळाबाई वांगेवालीऽऽ, हाजीर होऽऽ!" असं तीनदा झाल्याशिवाय त्यांच्या घरी भाजी शिजत नसे. बाई दारातच उभी असली तरी तीनदा!

दर रविवारी स्टेशनजवळच्या मैदानात आमच्या फुटबॉल टीमचे अकरा गडी त्यांनी नावानिशी पुकारले, की मगच पंच शिट्टी वाजवायचा. शेवटचं नाव गुलाबचं. ते आलं की फलाटावरची माणसंसुद्धा वळून बघत.

गुलाब कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता आणि आमचा सेंटर फॉरवर्ड. बाकीच्या दहा जणांचं काम एकच, चेंडू गुलाबपर्यंत पोचवायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. आणि हाच गुलाब सेमीफायनलला, ओल्या मैदानात, भिजून दगड झालेल्या चेंडूला डोकं द्यायला उडाला आणि गोलाच्या सागवानी खांबावर आदळला. शुद्धीवर आला तो विचारत, "टॉस कोणं जितला?" सांगितलं. मान डोलावली. पुन्हा, "टॉस कोणं जितला?" संध्याकाळपर्यंत आम्ही तो टॉस चाळीसदा जिंकला.

डॉक्टर म्हणाले, "मेंदूला हादरा बसलाय. पंधरा दिवस अंधारी खोली. आवाज नको. आणि खेळायचं नाव काढू नका."

फायनल आठव्या दिवशी. अकोल्याच्या टीमशी!

गावाची अन्नावरची वासना उडाली. कुणी नाकात घालायला गाईचं तूप आणलं, कुणी पोहरादेवीला नारळ बोलला. हॉटेलात चहा गार व्हायचा. जो तो दुसऱ्याला विचारायचा, "आता टॉसचं इचारून राह्यला का?" "नाई, काल बंद केलं." "मंग बरा हाय." "कायचा बरा? आज मले इचारे, तू कोण."

गुलाबची खोली कोर्टाच्या मागच्या भिंतीला लागून. सोमवारी साहेबांनी पहिला मुकदमा पुकारायला सांगितला. तुळशीरामजी पायऱ्या उतरले, निंबाखालच्या गर्दीत शिरले आणि एकेकाच्या कानाशी तोंड नेऊन विचारू लागले, "इंझोरीचे महादजी तुमीच का जी?" अकराव्या कानाला महादजी सापडले. तोवर साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं होतं.

"तुळशीराम, आवाज गेला का?"

"गेला नाई हुजूर. बंद ठेवला."

तिसऱ्या दिवशी त्यांना मेमो मिळाला: पुन्हा असं झाल्यास नोकरीचा विचार करावा लागेल. त्यांनी तो घडी करून टोपीत ठेवला आणि कुजबुजत, "भिताडाच्या पल्याड पोरगं निजलं हाय, बाबूजी," एवढंच मला सांगितलं.

रविवार उजाडला. बारा माणसं टांगा घेऊन गुलाबच्या दाराशी आली. उंबऱ्यावर तुळशीरामजी. मग असं भांडण झालं की तसं वाशीमने पुन्हा पाहिलं नाही. कारण ते सगळं कुजबुजत झालं.

"काका, बाजूले व्हा. तो नुसता उभा राह्यला तरी अकोलेवाले भ्यायतीन."

"आन् चेंडू डोक्यावर आला तं?"

"फेटा बांधू ना, जाडजूड!"

"फेटा त्या खांबाले बांध. निघा!"

टांगा रिकामाच वळला. आतून गुलाबचा आवाज आला, "काका, आज मॅच हाय ना?"

"तारीख पडली. अकोलेवाल्याईनं मुदत मांगितली."

"माह्यासाठी थांबले?"

"नाई तं कोणासाठी?"

मी मैदानावर गेलो. गुलाबच्या जागी पोस्टातल्या तारबाबूंना उभं केलं होतं. चष्मा सावरायला ते पाठमोरे झाले, चेंडू त्यांच्या पाठीवर आदळला आणि गोलात गेला! एक-शून्य! आम्ही जिंकलो! मी धोतर सावरत धावत सुटलो.

तुळशीरामजी उंबऱ्यावरच होते. "किती?" त्यांनी ओठांनीच विचारलं. मी सांगितलं. त्यांनी खांद्यावरचं उपरणं तोंडात कोंबलं आणि जागच्या जागी दोन गिरक्या घेतल्या. मग एकदम थांबले. उपरणं तोंडातून काढून माझं मनगट धरलं.

"आत सांगू नका."

"अहो, आनंदाची बातमी!"

"त्याले उठू द्या, चालू द्या. मंग सांगू. आपल्याबिगर भागलं, हे पडल्या माणसाले नाई सांगू." त्यांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. "मी मागच्या साली मुदतीच्या तापानं पडलो होतो. एकवीस दिवस. घरात दुसरं कोणी नाई. पडल्या पडल्या वाटे, कोर्टात नावं तुंबून राह्यली असतीन. गेलो तं साऱ्याईचे पुकारे होऊन गेलते. मी नव्हतो, हे कोणाच्या ध्यानातच नाई."

मी आठवून पाहिलं. त्यांच्यापासून चार हातांवर माझं टेबल. एकवीस दिवस कोणी पुकारा केला, ते मला आठवेना. ते नव्हते, हेही आठवेना.

कोपऱ्यावर ताशा वाजू लागला. मिरवणूक गल्लीकडेच वळत होती. तुळशीरामजी ताशा थांबवायला दोन्ही हात हलवत, अनवाणी तिकडे धावले. दार सांभाळायला मी उंबऱ्यावर बसलो.