पान एकशे चौदावरची खाच

रविवारच्या सामन्याला दोन तास उरले होते आणि एमेट प्रुएट स्टँडखालच्या खोलीत बसून चेंडूंना चिखल चोळत होता. बेसबॉलचा कोरा चेंडू बुळबुळीत असतो, तो टाकणाऱ्या पिचरच्या हातातून सटकतो. म्हणून प्रत्येक सामन्याआधी आठ डझन चेंडूंना नदीचा बारीक गाळ चोळून त्यांची चकाकी घालवावी लागते. केलरटन फेरीमेन संघासाठी हे काम एमेट बत्तीस वर्षं करत होता.

गावचा पोलादाचा कारखाना बंद पडला तेव्हा एकोणचाळीस वर्षांच्या बेकार एमेटला या क्लबने आपणहून बोलावून घेतलं होतं. ते उपकार तो एक दिवसही विसरला नाही. तो क्लबच्या मालकाचे आभार मानायचा, फाटकावरच्या तिकीटवाल्याचे मानायचा, गवत कापणाऱ्याचेही मानायचा. "एक दिवस तू टपालपेटीचे आभार मानशील," असं बायको म्हणाली, तेव्हा सावध केल्याबद्दल त्याने तिचेही आभार मानले.

तोंडी आभारांनी भागेना, म्हणून निवृत्तीच्या वयात त्याने संघाचा इतिहास लिहायला घेतला. नऊ वर्षं खपून तीनशे पानं झाली. आज सातव्या इनिंगच्या सुट्टीत त्याच पुस्तकाचं प्रकाशन होतं आणि ते करायला साक्षात हायरम टेट येणार होता. वय वर्षं एक्क्याण्णव. १९५६च्या अंतिम सामन्यात, शेवटच्या इनिंगमध्ये, चेंडू भिंतीपलीकडे नदीकडे टोलवून फेरीमेनला अजिंक्यपद मिळवून देणारा तोच. त्या संघातला आता तो एकटाच उरला होता.

तो चेंडूही उरला होता. चाळीस वर्षांपूर्वी टेटनेच तो क्लबला दिला, तेव्हापासून तो याच खोलीत काचेच्या पेटीत होता. त्याच्या शिवणीजवळ गव्हाच्या दाण्याएवढी एक खाच होती. पान एकशे चौदावर एमेटने लिहिलं होतं, "टेटच्या बॅटने पाडलेल्या या खाचेत एका अख्ख्या गावाचा आनंद मावला आहे." हे वाक्य लिहून झाल्यावर तो स्वतःच रडला होता. आज तोच चेंडू पुन्हा टेटच्या हातात द्यायचा, असा बेत होता.

एमेटने पुसण्यासाठी चेंडू पेटीतून काढून टेबलावर ठेवला, आणि तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"निळा कोट घातलायस ना?"

"घातलाय."

"आणि चिखल चोळताना काढलायस ना?"

एमेटने खाली पाहिलं. पुढची दहा मिनिटं बाहीवरचा डाग कसा काढायचा या चर्चेत गेली. फोन खांद्यात धरलेला, डोळे बाहीवर. हात मात्र मोकळे होते, आणि बत्तीस वर्षांची सवय लागलेले हात रिकामे बसत नाहीत. टेबलावर जे गोल दिसेल ते उचलायचं, चोळायचं, सामन्याच्या चेंडूंच्या खोक्यात टाकायचं.

पाचवी इनिंग संपल्यावर तो कोट घ्यायला खोलीत आला, तेव्हा टेबलाखाली घरंगळून गेलेला एक पांढराशुभ्र कोरा चेंडू त्याला दिसला. म्हणजे शहाण्णवातला एक चोळायचा राहिला होता. पण मोजताना तर शहाण्णव बरोबर भरले होते. एमेटने काचेच्या पेटीकडे पाहिलं. पेटी रिकामी होती.

सामन्यात अंपायरला चेंडू नेऊन देण्याचं कामही एमेटकडेच होतं. तो धापा टाकत अंपायर डेलरॉयकडे गेला.

"डेलरॉय, पिशवीतले चेंडू जरा बघू दे."

"का? काय झालंय त्यांना?"

"काही नाही. बघावेसे वाटले."

"चार तास चोळलेस ना आज? पोट नाही भरलं?"

तरी डेलरॉयने पिशवी पुढे केली. पाच चेंडू होते, खाच एकावरही नव्हती. खोक्यात उरलेल्या चेंडूंवरही नव्हती. एमेटने मैदानाकडे पाहिलं. फेरीमेनचा तरुण पिचर अर्रिएता मैदानामधल्या पिचरच्या उंचवट्यावर उभा राहून हातातल्या चेंडूवरून एकाच जागी अंगठा फिरवत होता आणि गालातल्या गालात हसत होता. ओरखडा पडलेला चेंडू हवेत जास्त वळतो, म्हणून अंपायर तो बाद करतो; पण इथे खाच गाळाने बुजली होती, आणि फायद्याची खाच दाखवून देण्याइतका कुठलाच पिचर सज्जन नसतो.

"डेलरॉय, खेळ एक मिनिट थांबव."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" डेलरॉय दात आवळून म्हणाला. "फलक बघ."

एमेटने फलक बघितला. पाच इनिंग झाल्या होत्या आणि अर्रिएताने समोरच्या संघाला एकही हिट, म्हणजे फलंदाजाला बेस गाठू देणारा फटका, दिली नव्हती. नऊच्या नऊ इनिंग हे साधणं फार दुर्मीळ, म्हणून अशा वेळी पिचरशी कुणी बोलत नाही, त्याच्या शेजारी बसत नाही, आणि हिट न दिल्याची गोष्ट तोंडातून तर अजिबात काढत नाही. काढली की विस्कटतेच. खेळ थांबवणाऱ्याला केलरटनमध्ये कुणी पाणीसुद्धा विचारलं नसतं. एमेट हात चोळत बाजूला झाला. दुसरं चोळण्यासारखं काही उरलं नव्हतं.

अर्रिएताने चेंडू टाकला. फलंदाजाने तो कसाबसा तटवला आणि तो मागे, उंच, तिसऱ्या बेसच्या बाजूच्या प्रेक्षकांत गेला. चारजण उठले, आठ हात वर झाले, आणि चेंडू सगळ्यांना चुकवून एका गवती टोपीत पडला. टोपी ओटिली ब्रांटच्या हातात होती. ती अठ्ठावन्न वर्षं त्याच खुर्चीवर बसत होती, आधी नवऱ्याबरोबर आणि मग त्याच्या मोकळ्या खुर्चीवर पिशवी ठेवून.

आता प्रेक्षकांत गेलेला चेंडू ज्याला मिळाला त्याचा. हा नियम नव्हे, धर्मच म्हणा. तरी एमेट पायऱ्या चढला. दुसरा चेंडू देऊ, चार चेंडू देऊ, पुस्तक देऊ, पाया पडू, असं काहीबाही ठरवत तो तिच्या रांगेपाशी पोचला.

"एमेट, अरे बघ," ओटिली म्हणाली. तिचे डोळे वाहत होते. "अठ्ठावन्न वर्षं. हॅरॉल्ड दर वेळी म्हणायचा, आज येतो बघ तुझ्याकडे. मी त्याला वेड्यात काढायची. आज आला रे."



"छान झेललात, ओटिलीबाई," एमेट म्हणाला. "तुमचा आभारी आहे."

"तू कशाला आभार मानतोस?"

"सवय आहे," एमेट म्हणाला आणि खाली उतरला. त्याच्या मनात आलं, अब्रू जाईल ती आपली एकट्याची. तो चेंडू परत मागितला तर या बाईचा नवरा दुसऱ्यांदा जाईल.

हायरम टेट स्टँडखालच्या खोलीत चाकांच्या खुर्चीवर बसून रिकाम्या काचेच्या पेटीकडे टक लावून बघत होता. एमेटने दार लावलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. फोन, बाही, खाच, टोपी. शेवटी म्हणाला, "टेटसाहेब, या क्लबने मला पोटाला दिलं, आणि मी त्यांची एकुलती एक ठेव घालवली. तुम्ही म्हणाल ती शिक्षा."

टेटचे खांदे हलायला लागले. एमेट पाणी आणायला धावणार, तोच त्याला कळलं की म्हातारा हसतोय.

"पोरा," टेट एकाहत्तर वर्षांच्या एमेटला म्हणाला, "मी मारलेला चेंडू त्याच दिवशी नदीत गेला. अजूनही कुठेतरी खाली वाहत असेल."

"मग हा?"

"तुमचा तेव्हाचा अध्यक्ष माझ्या दारात हॅट हातात घेऊन उभा राहिला. म्हणे, संग्रहालय काढतोय, तो चेंडू असेलच तुमच्याकडे. इतक्या आशेने आला होता, नाही कसं म्हणू? गॅरेजमध्ये एक पडला होता, तो दिला."

"आणि ती खाच?"

"बिस्किटची. माझा कुत्रा. फार गुणी होता, पण चेंडू दिसला की दात मारायचा."

पान एकशे चौदा एमेटच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं.

"चाळीस वर्षं तू मला दर नाताळला आभाराचं पत्र पाठवतोस," असं म्हणून टेटने बोटांवर हिशोब केला आणि तो म्हणाला, "बरं, बत्तीस. दर वेळी मला वाटायचं, मरायच्या आधी याला खरं सांगावं, आणि दर वेळी धीर व्हायचा नाही. तो चेंडू जन्मात एकाही सामन्यात खेळला नव्हता रे. कुत्र्याचं खेळणं होतं ते, आणि लोक टोप्या काढून बघायचे. आज तुझ्यामुळे खेळला. अर्रिएताने टाकला, बॅटला लागला, एका बाईने झेलला. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरवलंस. थँक्यू, पोरा."

आभार मानण्यात एमेटचा हात कुणी धरू शकलं नसतं, पण आभार घ्यायची त्याला मुळीच सवय नव्हती. तो नुसता मान हलवत राहिला.

सातव्या इनिंगच्या सुट्टीत टेटने ओटिलीला मैदानात बोलावून घेतलं. दोघांनी मिळून तो चेंडू वर धरला आणि नऊ हजार माणसं उभी राहिली. टेटने माइकवरून नदीची, गॅरेजची आणि बिस्किटची गोष्ट सांगितली. लोक इतके हसले की टेटला चेव आला. चेंडूवर ओटिलीसाठी सही करता करता तो माइकमध्येच म्हणाला, "आणि काय पोरगा आहे हा अर्रिएता, अजून एक हिटसुद्धा दिली नाही त्याने."

मैदानात चिडीचूप शांतता झाली. आठव्या इनिंगच्या पहिल्याच चेंडूवर हिट बसली. एक्क्याण्णव वर्षांच्या माणसाला कोण काय बोलणार? शिवाय सामना फेरीमेननेच जिंकला.

चेंडू ओटिलीकडे गेला. आणि एमेट आठवडाभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून पुस्तकाच्या चारशे प्रतींमध्ये एक चिठ्ठी चिकटवत होता. बायको डिंक लावून देत होती. चिठ्ठी अशी होती: "दुरुस्ती. पान ११४ वरील खाच बॅटची नसून बिस्किट नावाच्या कुत्र्याची आहे. लेखक त्याचाही आभारी आहे."