डिकी रिकामी आहे असं धरून

शनिवारी सकाळी आठ वाजता माझ्याकडे पुढील सामग्री होती. गाडी एक, वय वर्षं पंधरा. टायर आठ, चार महाग, गाडीला लावलेले, आणि चार स्वस्त, दाजींच्या दुकानात. पन्नास मीटरची टेप एक. हवेचा दाब मोजायचं यंत्र एक. फक्की अर्धा किलो. वही एक, पेनं दोन, चालक एक (बाबा). डिकीत स्टेपनी, जॅक आणि पाना. बाकी काही नाही.

ही शेवटची नोंद मी डिकीत डोकं घालून केली होती आणि ती खरी होती. आठ वाजता.

मी कोल्हापूरहून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. महाग टायर बरा की स्वस्त, हा प्रश्न आमच्या वालावलीत आजवर तोंडाने सोडवला गेला आहे. मी तो टेपने सोडवणार होते! आणि तोही असा की पुन्हा कोणी तोंड उघडणार नाही.

प्रश्न उभा राहिला तो माझ्या भावामुळे. बाबांच्या गाडीचे टायर त्यांच्या डोक्याइतके गुळगुळीत झाले होते, म्हणून मिहीरने पणजीहून चार नामांकित टायर पाठवले आणि माणूस पाठवून बसवूनही दिले. बाबांची पंचाईत झाली. सायकल, स्कूटर, गाडी, बाबांचं प्रत्येक चाक आजवर तिठ्यावरच्या दाजींच्या दुकानातून आलेलं. आठ दिवस बाबा तिठा टाळून मागच्या वाटेने वाण्याकडे जात होते. निवृत्त मुख्याध्यापक, आणि कुंपण ओलांडून काड्यापेटी आणत होते.

शेवटी मीच दाजींकडे गेले आणि म्हटलं, दोन्ही टायर मोजून बघूया. दाजींनी हातातली ट्यूब बाजूला ठेवली. पावसाआधी सहा टुरिस्ट गाडीवाले त्यांच्याकडून टायर घेणार होते. हे सगळे एरवी कुडाळला जाणारे. पहिल्यांदाच गावातल्या दुकानावर भरवसा टाकत होते. त्यासाठी दाजींनी माल भरून ठेवला होता, दारापासून छपरापर्यंत.

"तू शिकलेला चेडू," दाजी म्हणाले. "तू मोजून जा काय सांगशीत, ता माका मान्य."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते आजही विसरू शकलेले नाही.

प्रयोग गावावरच्या माळावर, सड्यावरच्या सरळ रस्त्यावर. रस्त्यावर फक्कीची रेघ. बाबांनी ताशी चाळीसच्या वेगाने यायचं, रेघेवर ब्रेक दाबायचा, गाडी थांबली की मी रेघेपासून पुढच्या चाकापर्यंतचं अंतर मोजायचं. बाबांनी आयुष्यात चाळीसच्या वर गाडी नेलेली नाही, त्यामुळे वेग स्थिर ठेवणं सोपं होतं. महाग टायरच्या पाच फेऱ्या झाल्या. सरासरी अकरा मीटर वीस सेंटिमीटर.

मग दाजींच्या दुकानात टायर बदलायला. दाजींनी चारही चाकं बदलली, मी चारही चाकांत सारखाच दाब भरून घेतला. तेवढ्याने माझं समाधान होईना, म्हणून डिकी उघडून स्टेपनीचाही दाब तपासला. प्रयोगाशी तिचा काही संबंध नव्हता. पण मी अशीच आहे. हात काळे झाले, म्हणून मी मागच्या विहिरीवर गेले. दाजी चहा टाकायला आत गेले. बाबा तिथेच बाकावर पेपर डोळ्यांवर घेऊन पडले होते. डिकी उघडी राहिली.

हात धुताना मला डिकीचं झाकण धाडकन बंद झाल्याचा आवाज आला. वहीत त्याची नोंद नाही. दाजींनी बंद केली असेल, असं मी धरलं.

आता स्वस्त टायरच्या फेऱ्यांची माझी नोंद जशीच्या तशी देते.

फेरी एक: चौदा मीटर सत्तर. चालक म्हणतो, गाडी जड वाटते. (टायरचं घर्षण जास्त?)

फेरी दोन: चौदा मीटर नव्वद. ब्रेक दाबताच मागून गडगड असा आवाज. (टायरची आतली रचना सैल असावी.)

फेरी तीन: पंधरा मीटर. तापल्यावर रबराला गोडसर वास येतो. हलक्या प्रतीचं रबर!

उद्गारचिन्ह मूळ नोंदीतलंच आहे.

पाच फेऱ्यांची सरासरी चौदा मीटर नव्वद. म्हणजे फरक तीन मीटर सत्तर सेंटिमीटरचा, एक म्हैस आडवी उभी राहील एवढा. मी दुकानात जाऊन आकडे दाखवले. दाजींनी चष्मा लावून वही दोनदा वाचली. मग स्वतःचे टायर काढले आणि मिहीरचे परत बसवले. काढताना एवढंच म्हणाले, की गाडी मागून खाली बसली आहे, स्प्रिंगा बदलायला हव्यात. मी लगेच लिहून घेतलं: स्वस्त टायरमुळे स्प्रिंगवर ताण, शक्यता मोठी.

त्या संध्याकाळी मी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निकाल टाकला. तक्त्यासह. कोणाचं नाव घेतलं नाही, फक्त 'आपल्या तिठ्यावरचे टायर' असं लिहिलं. तिठ्यावर टायरचं दुकान एकच आहे.

रविवारी सकाळपर्यंत तीन मीटर सत्तरचे दहा मीटर झाले होते. नऊ वाजता बातमी आली, की दाजींच्या टायरना ब्रेकच लागत नाही. दहा वाजता सावंतवाडीहून आत्याने फोन करून विचारलं, की आमची गाडी देवळासमोरच्या तळ्यात गेली ती काढली का, आणि बाबांचा नेमका कुठला पाय मोडला. बाबांनी फोन घेऊन दोन्ही पाय शाबूत असल्याचं सांगितलं. आत्याचा विश्वास बसला नाही.

अकरा वाजता मी तिठ्यावर गेले. सहाही गाडीवाल्यांनी दाजींना नाही म्हणून कळवलं होतं. दाजी शिडीवर चढून दुकानाची पाटी उतरवत होते आणि खाली रस्त्यावर टायर रचलेले होते, परत पाठवायला. दोघे-तिघे त्यांना सांगत होते, की पोरीचं कसलं मनावर घेता.

"नाय नाय," दाजी वरून म्हणाले. "तेना मोजलेला आसा. टेप लावन."

मला अभिमान वाटला. हे लिहिताना हात अडतो, पण नोंद पूर्ण हवी म्हणून लिहिते: वाईट वाटलं, आणि त्याच्याखाली थोडा अभिमानही वाटला.

दुपारी आम्ही जेवत असताना काशीकाकी आली. दाजींच्या दुकानासमोर तिचं घर. तिची मुलगी प्राजक्ता सावंतवाडीला असते. काकी दारातच उभी राहिली.

"गो ऋता, प्राजक्ताचो फोन इलो. फणस अजून पोचूक नाय म्हणता. खंय ठेवलास?"

मी विचारलं, कुठले फणस?

"अगो काल तुमच्या डिकीत घातलय ते. तुझो बाबा म्हणालो हुतो मा, टायर बरे निघाले तर सावंतवाडीक जातलय म्हणान."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. बाबा ताटाकडे बघत होते.

"काकी," मी म्हटलं, "पण विचारायचं तरी."

"त्यात काय इचारूचा?" काकी खरोखरच चकित झाली होती. "डिकी उघडी हुती. गाडी रिकामी कोण व्हरता?"

हे तिचं म्हणणं बरोबर आहे. आमच्याकडे रिकामी गाडी कोणी जाऊ देत नाही. एस.टी.च्या ड्रायव्हरच्या पायाशीसुद्धा कोणाच्या तरी मावशीची केळी असतात. उघडी डिकी दिसली, की ती भरायची असते, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. मी सोळा बाबी तपासल्या होत्या. वाऱ्याची दिशासुद्धा! पण हा नियम कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत कोणी शिकवला नव्हता, आणि जिथे तो शिकले होते, तिथे मी शास्त्रज्ञ म्हणून उभी होते.

आम्ही डिकी उघडली. उकड्या तांदळाच्या पंचवीस किलोच्या दोन गोणी. सोललेले नारळ चाळीस, पैकी मोकळे सुटून गडगडणारे एकोणतीस. फणस चार, पैकी एक पिकून फुटलेला. कोकमाच्या आगळाच्या बाटल्या सहा. आणि सर्वांच्या तळाशी दगडी पाटा-वरवंटा, कारण प्राजक्ताला मिक्सरमधली चटणी आवडत नाही. काकीने आणि तिच्या सुनेने मिळून हे सगळं माझे हात धुऊन होईपर्यंत भरलं होतं. मी प्रत्येक वस्तू तोलून घेतली. एकूण एकशे एकेचाळीस किलो.

थांबायचं अंतर वजनावर अवलंबून नसतं, असं पुस्तकात लिहिलेलं आहे. पंधरा वर्षांच्या ब्रेकनी ते पुस्तक वाचलेलं नाही.

तिठ्यापर्यंत मी चालत गेले. तीनशे दहा पावलं. दाजींना सगळं सांगितलं, गडगड आणि गोड वासासकट. ते हसतील किंवा ओरडतील, असं वाटलं होतं. दोन्ही झालं नाही.

"म्हणजे तू डिकी बघूकच नाय?"

"बघितली होती. आठ वाजता."

"उद्या परत मोजूया," दाजी म्हणाले. "टेप मी धरतलय."

सोमवारी परत मोजलं. डिकीला कुलूप, किल्ली दाजींच्या खिशात. दाजींचे टायर: अकरा मीटर साठ. मग मिहीरचे महाग टायर लावले आणि काकीचं सामान परत डिकीत भरलं: चौदा मीटर साठ. शेवटी बाबांनीच सांगितलं, दाजींचे बसवा. मी ग्रुपवर दुरुस्ती टाकली, तक्त्यासह, या वेळी दाजींचं नाव घालून आणि माझी चूक पहिल्या ओळीत लिहून. मंगळवारी रात्री पाहिलं. पहिला निकाल वाचणारे दोनशे बारा. दुरुस्ती वाचणारे एकोणचाळीस. त्यांतल्या एकाने विचारलं होतं, की फणस कापा होता की बरका.

म्हणून बुधवारी बाबांना घेऊन मी सहाही गाडीवाल्यांच्या घरी गेले. प्रत्येकाच्या अंगणात उभी राहून वही उघडली आणि तेच सहा वेळा सांगितलं. तिसऱ्या घरी एका आजीने मला पाणी दिलं आणि जरा बसून घे म्हणाली. पाचव्या घरी गाडीवाला म्हणाला, की ते ठीक, पण तेव्हाही तू मोजलंच होतंस ना? बाबा म्हणाले, "तेव्हा तेना एकट्यान मोजलेला." आणि गाडीत जाऊन बसले.

संध्याकाळी घरी आल्यावर डिकी उघडली. शहाळी सात, केळ्यांचा घड एक, फणस दोन, कोकम सोलांची पिशवी एक. एकूण एकेचाळीस किलो आठशे ग्रॅम.

दाजींकडे परत आलेले गाडीवाले, सहापैकी, आज तारखेपर्यंत: चार.