अस्वल आणि पुष्पसजावटकार

माणसाचं कल्याण करायचं तर आधी त्याला रकान्यात बसवावं लागतं. रकान्याबाहेर उभ्या असलेल्या माणसाचं कल्याण आजवर कोणत्याही सरकारला जमलेलं नाही.

पन्नास वर्षांपूर्वी चांद्याच्या रोजगार कचेरीत हे शास्त्र फार मागासलेलं होतं. तिथे जाड चष्म्याचे एक कारकून बसायचे. ते आलेल्याला आधी पाणी द्यायचे, मग "करता काय बाई?" असं विचारायचे. उत्तर रकान्यात मावलं नाही, तर समासात लिहून घ्यायचे. (नोकरी आमच्यापैकी कोणालाच लागली नाही. पण आम्ही काय करतो, ते सरकारला नेमकं ठाऊक होतं.) अशा ढिसाळपणामुळेच देश मागे राहिला.

आता दिल्लीच्या रोजगार व कल्याण मंत्रालयाने मोबाइलमध्ये मावेल अशी चारशे अकरा व्यवसायांची यादी केली आहे. तिला समास नाही. यादी मात्र अभ्यासू आहे. तिच्यात जहाजावरचा आचारी आहे, कुत्र्यांचे केस कापणारा आहे, बर्फावर घसरायला शिकवणारा आहे. एटापल्लीकडच्या आमच्या गावात बाया चैत्रात मोहफुलं वेचतात, ते तेवढं राहून गेलं. त्यावरून कोणाला नावं ठेवू नयेत. मंत्रालयाच्या आवारात मोहाचं झाड नसावं.

नोंदणी करायला सेवा केंद्राचा निकेश गावात आला. (दोन लेकरांचा बाप, मनाचा चांगला.) त्याने यादीत 'फूल' शोधलं. एकच व्यवसाय निघाला, पुष्पसजावटकार.

"हे का असते, भाऊ?" माझी शेजारीण भागीरथा हिने विचारलं.

"फुलाचं काम असते, काकू. तुमी फुलाचंच तं करता."

"मंग लिवून टाक. उन्हात काऊन उभी ठेवतं?"

तिच्यामागोमाग दोनशे सहा बाया पुष्पसजावटकार झाल्या. वार्षिक अहवालात लोकसंख्येच्या मानाने आमचं गाव देशात पहिलं आलं. गावात फुलांचं एकही दुकान नाही, 'त्यामुळे स्पर्धा नाही व वाढीस भरपूर वाव आहे', असं त्यात नमूद आहे.

मग तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. नागपुराहून परदेशी फुलं आली. ती चकचकीत कागदात गुंडाळायला शिकवलं. रुखमाबाईने फूल हुंगून पाहिलं.

"याले वास नाई. ढोरं खातेत का?"

"नाई, बाई," शिकवणारी म्हणाली.

"सुकवून ठेवता येते?"

"नाई."

"मंग याचं करतेत का?"

"सायबाले देतेत."

"अन् सायेब का करते?"

शिकवणारीने रुखमाबाईला प्रमाणपत्र दिलं.

यंदा चैत्रात भागीरथा पहाटे मोहाखाली वाकलेली असताना अस्वल आलं. अस्वलही मोहफुलांसाठीच येतं. (त्याची नोंदणी झालेली नाही.) त्याने तिचा उजवा हात चावून काढला. वनखात्याने पंचनामा करून अस्वलाची चूक मान्य केली आणि पहिली मलमपट्टी करवली. जखम भरली, पण बोटं मिटली ती उघडेनात. डॉक्टर म्हणाले, नागपूरला ऑपरेशन करा, पावसाळ्याच्या आत, नंतर ही मूठ अशीच राहील. नोंदणीत मिळालेल्या मंत्रालयाच्या कार्डावर असं ऑपरेशन फुकट होतं. अट एकच, इजा कामावर झालेली हवी.

अर्ज मी लिहिला. उत्तर अकरा दिवसांत आलं. एवढी तत्परता मी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती.

'अर्जदार पुष्पसजावटकार असून सदर व्यवसायात अस्वलाचा संबंध येत नाही. सबब इजा कामावर झालेली नाही. कामाच्या वेळेत अर्जदार जंगलात काय करीत होती, याचा खुलासा सात दिवसांत सादर करावा.'

आम्ही दोघी जिल्ह्याला गेलो. साहेब सज्जन निघाले. बसा म्हणाले.

"सायेब, मी फुलंच वेचत होती," भागीरथा म्हणाली.

"दुकानात?"

"झाडाखाली. दुकानात मोहा पडते का?"

साहेबांनी यादी वर-खाली करून पाहिली. "आजी, तुमचं म्हणणं खरं आहे," ते मला म्हणाले, "पण खरं भरू कुठे?"

त्यांनीच वाट दाखवली. यादीत व्यवसाय वाढवता येतो. त्यासाठी मंत्रालय तीस दिवस जनतेच्या सूचना मागवतं. सूचना आल्या नाहीत, तर मोहफुलं वेचणं हे काम नाही, असं जनतेचं मत धरलं जातं. नियम लोकशाहीला धरूनच आहे.

सूचना मागवल्या आहेत. माझं पत्र परत आलं, कारण मी शेजारीण, म्हणजे हितसंबंधी. रुखमाबाईचं परत आलं, कारण ती प्रमाणपत्रधारक पुष्पसजावटकार. भागीरथाने डावा अंगठा दिला, तर नोंद उजव्याची निघाली. पत्र बाहेरच्या माणसाचंच हवं. आज सत्ताविसावा दिवस आहे आणि आभाळ भरून येऊ लागलं आहे. बाहेरून एकही पत्र आलेलं नाही.

तुम्ही बाहेरचे आहात. इथवर वाचलंत, मधे दोन-चारदा हसलातही असाल. हसणं सूचनेत धरतात का, हे मी साहेबांना विचारून घेतलं. धरत नाहीत. गप्प राहणं तेवढं धरतात.