दारात हसू पाहिजे

बाळंतीण भव्याला दवाखान्यातून माहेरी आणायचं ठरलं, आणि आदल्या संध्याकाळी तिच्या सासूबाईंचा फोन आला. मल्हारराव तेव्हा कढीपत्त्याच्या वाफ्याला पाणी सोडत होते. त्यांनी हात लुंगीला पुसले आणि फोन घेतला.

"मल्हारराव, मी स्पष्ट बोलते, राग मानू नका," हेमलताबाई म्हणाल्या. त्या पुण्याच्या. "पहिलं बाळंतपण माहेरी, हे मला मान्य आहे. पण माहेरी आई नाही. मालनताई जाऊन वर्ष होत आलं, तरी तुमच्या घरात शिरलं की छातीवर दडपण येतं. भव्या छान हसतीखेळती आहे. मला तिला तसंच ठेवायचंय. म्हणून माझी एकच अट आहे."

"सांगा की अक्का."

"ती बाळाला घेऊन दारात येईल तेव्हा समोर हसू दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर मी तशीच गाडी वळवून दोघींना आमच्या कोरमंगलाच्या फ्लॅटवर नेणार."

मल्हाररावांचं घराणं बेंगळुरात आलं त्याला तीन-साडेतीनशे वर्षं झाली. घरात माणसांशी मराठी बोलायचं आणि गोठ्यात जनावरांशी कन्नड, ही रीत कधी पडली ते कुणालाच ठाऊक नाही. जनावरं इथल्याच बाजारातली. त्यांना मराठी कुठून कळणार? कन्नडमध्ये गाईला हसू म्हणतात, म्हणून यांच्याकडेही हसूच म्हणत. गाय एकच होती, तेव्हा तेच तिचं नाव. दुसऱ्या अर्थाने तो शब्द त्या घरात गेलं वर्षभर कुणाला लागलाच नव्हता.

नव्या घरात शिरताना आधी गाय आत नेतात, ही इकडची पद्धत. पुण्याची बाई असून हिला ती नातीसाठी पाळायची आहे, याचं मल्हाररावांना कौतुक वाटलं.

"आहे की हसू," ते म्हणाले. "एकच आहे, पण आहे."

"एक पुरे हो. पण तुम्ही ते आत कोंडून ठेवता."

"छे, बाहेरच असतं. उद्या आत आणतो."

"आणा. आणि ओढूनताणून नको हं. ओढूनताणून आणलेलं लगेच कळतं. आपोआप आलं पाहिजे."

मल्हारराव विचारात पडले. "आपोआप म्हणजे स्वल्प कठीण आहे, अक्का."

"मला कल्पना आहे." हेमलताबाईंचा आवाज ओला झाला. "पण नातीसाठी एवढं करा."

"सरी, करतो," मल्हारराव म्हणाले.

सकाळी शेजारची गंगव्वा घर सारवल्यासारखं लख्ख पुसून बसली होती. मालनबाई होत्या तेव्हापासून तिचं येणंजाणं होतं. गाय आत येणार हे ऐकून तिने कपाळावर हात मारला.

"अण्णा, आत्ता फरशी पुसली मी!"

"त्यांनी मागितलंय. हे नसलं तर पोर परत जाणार."

"मग दावं धरून आणा पटकन, आणि पटकन बाहेर."

"ओढायचं नाही म्हणाल्यात. आपोआप यायला पाहिजे."

"आपोआप? जनावर आहे का जावई?"

मल्हाररावांनी दावं सोडलं आणि गोठ्यापासून पायरीपर्यंत मक्याच्या हिरव्या चाऱ्याच्या पेंढ्या ठेवल्या. गाईने सगळ्या खाल्ल्या आणि पायरीखाली रवंथ करत बसली. मग त्यांनी उंबऱ्याच्या आत गुळाचा खडा ठेवला. गाय उठली. पायरी चढली, गूळ खाल्ला, आणि जिथे थांबायचं तिथे न थांबता पुढे निघाली. तिला आतल्या खोलीतून कसलातरी ओळखीचा वास येत होता.

ती खोली बाळंतिणीची होती. कोनाड्यात शेपूच्या आणि मेथीच्या जुड्या पाण्यात उभ्या करून ठेवल्या होत्या.

"अण्णा! भव्याला दूध यायला आणलेली शेपू खातंय ते!"

"तेही दूधच देतं की," मल्हारराव म्हणाले, पण त्यांचाही धीर सुटत चालला होता.

कारण आता गाईचं तोंड भिंतीकडे होतं, शेपूट दाराकडे होतं आणि मध्ये खाट होती. पुढे जायला भिंत, आणि मागे मागे चालणं तिला मुळीच पसंत नव्हतं. तिने मान वळवली तशी बाळाची छत्रीसारखी मच्छरदाणी शिंगात अडकली. तिला वळायला जागा व्हावी म्हणून मल्हाररावांनी खाट सरकवली. गंगव्वाने मागून हाकललं. गाईने फरशीवर शेण टाकलं. आणि बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"ताट घे, भाकरतुकडा घे," मल्हारराव ओरडले, "ओवाळायला हो पुढे!"

जावई अभिमन्यूने गाडीचं दार उघडलं. हेमलताबाई पुढे, मागे बाळाला छातीशी धरून भव्या. गंगव्वा धापा टाकत उंबऱ्यात उभी राहिली आणि तिने बाळाभोवती भाकरीचा तुकडा फिरवायला हात उचलला. तेवढ्यात तिच्या खांद्यावरून एक लांब जीभ आली आणि तुकडा नाहीसा झाला. मागोमाग गाय दारात आली. शिंगावर मच्छरदाणी, तोंडातून लोंबणारी शेपूची काडी. शेजारी टोपी घालून, हात जोडून, अत्यंत गंभीर चेहऱ्याने मल्हारराव.

हेमलताबाईंनी पदर नाकाला लावला. "हे काय आहे?"

"हसू," मल्हारराव म्हणाले.

"काय?"

"तुम्ही म्हणालात तसंच. दारातच आहे. ओढलेलं नाही, अक्का. शपथ. आपलं आपण आलंय."

पहिल्यांदा उमगलं ते भव्याला. तिला दोन्ही भाषा येत होत्या. तिने बाळ अभिमन्यूच्या हातात दिलं आणि पोट धरून पायरीवर बसली.

"अण्णा... त्या... त्यांना हसणं पाहिजे होतं! तुमच्या तोंडावर! अयाई, टाके दुखतात, अण्णा, गप बसा!"

मल्हारराव गप्पच होते. त्यांनी एकदा गाईकडे पाहिलं, एकदा विहीणबाईंकडे. त्यांचे कान लाल झाले.

हेमलताबाईंनी त्यांच्या बाजूने आत डोकावलं. शेण दिसलं, तिरकी खाट दिसली. "अरे देवा. बाळंतिणीच्या खोलीत! नाही हो मल्हारराव, तुमची भावना चांगली आहे, पण इन्फेक्शन झालं तर? अभिमन्यू, गाडी वळव."

"मी धुऊन देतो. फिनेलने धुतो. दोनदा धुतो," मल्हारराव म्हणाले. "अक्का, तिची आई—"

पायरीवरचा भव्याचा आवाज बदलला होता. ती अजून पोट धरूनच होती, खांदे तसेच हलत होते, पण आता ती रडत होती. लहान मूल रडतं तशी, मोठ्याने, नाक न पुसता. "आई असती तर पहिल्यांदा तीच... तीच ओरडली असती तुम्हाला, अण्णा."

"ओरडली असती," मल्हारराव म्हणाले. ते तिच्याशेजारी बसले. गंगव्वाने गाईचं दावं धरलं आणि कुणालाही न विचारता ओढत गोठ्याकडे नेलं.

अभिमन्यू गाडीच्या किल्ल्या घेऊन उभा होता. "आई, निघायचं ना?"

हेमलताबाई सुनेकडे बघत होत्या. "दवाखान्यात नर्स आली तरी ही हसायची," त्या हळू म्हणाल्या. "मी आले तरी हसायची. मला वाटलं, पोर बरी आहे." मग त्यांनी पदर खोचला. "पिशव्या उतरव सगळ्या. माझी पण. आणि मल्हारराव, खराटा कुठे ठेवता?"

"तुम्ही नको अक्का, मी—"

"तुम्ही हिला घ्या."

आणि बाळ त्यांच्या हातात आलं. मल्हाररावांनी ते उजेडाकडे धरलं. नाक पाहिलं, हनुवटी पाहिली, कानाच्या पाळ्या पाहिल्या. बराच वेळ पाहिलं. भव्या डोळे पुसून त्यांच्याकडे बघत होती, काय म्हणतात याची वाट पाहत. मालनबाईंचं त्या तोंडावर काहीच नव्हतं. बाळाने डोळे उघडले आणि कपाळाला आठ्या घालून, काहीच पसंत नसल्यासारखं, आजोबांकडे रोखून पाहिलं.

"अक्का," मल्हारराव म्हणाले, "ही तुमच्यावर गेलीय."

"असू दे," हेमलताबाई आतून म्हणाल्या. "तिच्या मानेखाली हात ठेवा."