कटल्यासाठी केलेले लाडू

रविवारी सकाळी सात वाजता निवृत्ती स्वयंपाकघरात गव्हाचं पीठ भाजत होता आणि दर दोन मिनिटांनी घड्याळाकडे बघत होता. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातला हा फिटर तीन रविवार दारणेच्या काठी गळ टाकून हात हलवत परत आला होता. तेवढ्यानं काही बिघडलं नसतं, पण लासलगावच्या मेहुण्याला, देवरामला, त्यानं फोनवर ठणकावून सांगितलं होतं, "येत्या रविवारी मी धरलेला कटला खायला ये." देवराम नुसता हसला होता. ते हसू निवृत्तीला आठवडाभर झोंबत होतं.

"अहो, करपेल ते," विमलाबाई म्हणाली.

"तू चाखून बघ आधी. माशाला गोड लागतं."

"मग गूळ कमी आहे."

गूळ पडला. गोळा पाण्यात फुटू नये म्हणून तूप पडलं. वासानं शेजारच्या धोंडाबाई आत आल्या आणि चिमूटभर तोंडात टाकून म्हणाल्या, "वेलची नाय घातली?"

"मावशी, गळाला लावायचंय हे. मासा येणार आहे, व्याही नाही!"

"म्हणून काय त्यानं बेचव खायचं?"

वेलचीही पडली. आता राहिली शेंगदाण्याची पेंड. तिच्याशिवाय कटला फिरकतच नाही, असं निवृत्तीचं ठाम मत होतं. "तू गोळे वळून ठेव, पेंड मी वरून चोळतो," असं ओरडत त्यानं सायकल काढली. दुकान उघडायला आठ वाजले आणि दुकानदार पाच किलोच्या खाली पेंड देईना. चडफडत त्यानं अख्खी पिशवी घेतली.

घरी आला तर देवराम पहिल्या एसटीनं येऊन ओट्यावर बसलेला. हातात ताटली आणि ताटलीत शेवटचा गोळा.

"भावाला रिकाम्या तोंडी कसं बसवू? घरात दुसरं काही नव्हतं," विमलाबाई कुजबुजली.

"दाजी, हे लाडू तुम्ही केले?" देवराम बोटं चाटत म्हणाला. "लय भारी! पंधरा वर्सांत तुमचं असं काय पाह्यलंच नाय मी."

निवृत्तीला चक्क भरून आलं. या माणसाच्या तोंडून कौतुक त्यानं कधी ऐकलंच नव्हतं.

"आन् पिशवीत काय हाय?"

"पेंड."

"पेंड? गाय घेतली का काय?"

निवृत्तीनं पिशवी पायामागे सरकवली. खरं सांगावं तर लाडवांचं बिंग फुटत होतं. शेवटी विमलाबाईच म्हणाली, "घ्यायचा विचार चाललाय."

"मंग इकत कशाला? माझी कालवड बांधा दारात! नाय म्हणायचं नाय, दाजी."

मंगळवारी देवराम स्वतः टेम्पोतून कालवड घेऊन आला. जाताना त्यानं चारचौघांत निवृत्तीच्या पाया पडून निरोप घेतला. माशाचं नाव कुणी काढलं नाही.

पुढच्या रविवारी निवृत्ती पहाटेच दारणेच्या काठी हजर होता. गळ टाकून बसलेल्या भिमाजीनं विचारलं, "आज गळ नाय आणला?"

"गवत न्यायला आलोय," निवृत्ती म्हणाला आणि विळा घेऊन खाली बसला. समोर हातभर लांबीचा कटला पाण्याबाहेर उसळला. निवृत्तीनं त्याच्याकडे पाठ फिरवली आणि पेंढी बांधायला घेतली.